‘लांब ए३२०’ समजून हाती घेतलेलं ए३२१: नागपुरातल्या एका हँगरमधलं प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका विमान देखभाल केंद्रात घडलं. केंद्राचं, विमान कंपनीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी नियोजन विभाग सांभाळत होतो, आणि ज्या अंदाजपत्रकामुळे हे सगळं घडलं त्यावर सही माझी होती.

पार्श्वभूमी

आमच्या हँगरची बरीच वर्षं बोईंग ७३७ वर गेली. ७३७-७०० आणि ७३७-८०० आळीपाळीने यायची. पुढे एअरबस ए३२० कुटुंबाची मान्यता मिळाली आणि लागोपाठ काही ए३२० ची मोठी तपासणी आम्ही वेळेत केली. माणसं खुशीत होती. वर्धा रोडवरून येता-जाता दिसणाऱ्या त्या मोठ्या पत्र्याच्या इमारतीत काय चालतं हे शहरात फारसं कुणाला ठाऊक नसतं. पण विदर्भातली कितीतरी मुलं तिथे हाताने विमान उघडून पुन्हा जोडतात, आणि त्या कामाचा त्यांना अभिमान असतो.

मग एका कंपनीने विचारलं, ए३२१ घ्याल का? आधीच्या पिढीचं विमान होतं, सीएफएम५६-५बी इंजिनाचं. लायसन्सच्या दृष्टीने काही अडचण नव्हती. देखभाल अभियंत्याच्या परवान्यावर ए३१८, ए३१९, ए३२० आणि ए३२१ ही चारही मॉडेलं एकाच ओळीत येतात. फक्त इंजिन बदललं की ओळ बदलते. आमच्याकडे सही करणारे अभियंते होते, हँगरला मान्यता होती, जागाही होती. आम्ही होकार दिला.

अंदाज काढायची पद्धत साधी होती. ए३२० ची लांबी ३७.५७ मीटर, ए३२१ ची ४४.५१. म्हणजे साधारण १८ टक्के जास्त. आमच्या तरुण नियोजकाने मागच्या ए३२० चे मॅन-अवर्स (माणसांचे कामाचे तास) घेतले, प्रत्येक विभागाचे १८ टक्क्यांनी वाढवले आणि एकूण १८ दिवसांचं वेळापत्रक मांडलं. बैठकीत कुणीच हरकत घेतली नाही. मलाही ते वाजवी वाटलं.

अडचण कशी उघडी पडली

लांबीची काळजी आम्ही घेतली होती, हे आधी सांगतो. विमान नाक आत करून उभं राहतं आणि शेपटीभोवतीचा डॉक (काम करायचं मचाण) जमिनीला पक्का बसवलेला आहे. शेपूट डॉकमध्ये बसवली की ए३२१ चं नाक मागच्या भिंतीकडे जवळपास सात मीटर पुढे जातं. म्हणून हत्यारांची खोली आधीच हलवून ठेवली होती. पहिल्या दिवशी विमान आत आलं, बरोबर बसलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी दारांचा प्रश्न आला. ए३२० ला पुढे एक आणि मागे एक अशा दारांच्या दोन जोड्या असतात, शिवाय पंखांवर उघडणारी आपत्कालीन दारं. त्या छोट्या दारांपर्यंत पंखावरूनच पोहोचता येतं. आमच्यासमोरच्या ए३२१ ला पंखांवर एकही दार नव्हतं. त्याऐवजी पंखाच्या पुढे एक आणि मागे एक अशा मधल्या दोन जोड्या होत्या. म्हणजे एकूण आठ दारं, आणि प्रत्येकाला आपापली आपत्कालीन घसरगुंडी. मधल्या चार दारांना चार स्टँड हवे होते, आमच्याकडे जास्तीचा एकच होता.

तिसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये आणखी एक गोष्ट निघाली. ठेवणीतली दोन मुख्य चाकं या विमानासाठी धरून ठेवली होती. स्टोअरच्या ताईंनी पार्ट नंबर कॅटलॉगशी ताडून पाहिला आणि चाकं द्यायला नकार दिला. ती ए३२० ची, २० इंची रिमची होती. ए३२१ जड असतं, त्याला २२ इंची रिमचं मोठं टायर लागतं. ती चाकं विमानापर्यंत गेलीच नाहीत. ती चूक दारातच थांबली याचं श्रेय पूर्णपणे त्यांचं आहे.

खरा धक्का चौथ्या दिवशी बसला. आमच्याकडे एक ज्येष्ठ टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते सकाळी चहा न घेताच माझ्या टेबलाजवळ आले.

‘‘साहेब, एक डाव खाली येऊन फ्लॅप पाहून घ्या. कार्डं बरोबर आहेत, पण तुमचे तास बरोबर नाहीत.’’

फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, पूर्ण खाली सोडलेले होते. ए३२० चा फ्लॅप एकसंध असतो, पंख आणि फ्लॅप यांच्यात एकच फट राहते. ए३२१ च्या प्रत्येक फ्लॅपच्या मागच्या कडेला आणखी एक वेगळा पट्टा असतो. तो स्वतःच्या दांड्यांवर आणि सांध्यांवर हलतो, त्यामुळे दोन फटी तयार होतात. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही फ्लॅप, दोन्ही बाजूंना, याच पद्धतीचे. प्रत्येक सांध्याची झीज मोजायची, प्रत्येक दांडा तपासायचा, जोडणी परत घट्ट करायची आणि शेवटी सगळं मापात बसवायचं. ग्राहकाने पाठवलेल्या कार्डांमध्ये, म्हणजे एकेक काम लिहिलेल्या कागदांमध्ये, हे काम नीट लिहिलेलं होतं. आम्ही कार्डं मोजली होती, वाचली नव्हती.

शिवाय मागच्या मालकक्षात इंधनाची एक जादा टाकी निघाली. तीही कागदावर होती.

हे कुटुंब कसं वाढलं

इथे थोडं थांबून मागे जावं लागेल, कारण आमची चूक तिथेच होती. ए३२० ने पहिलं उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ रोजी केलं. ए३२१ ने ११ मार्च १९९३ रोजी. या विमानांच्या धडाला ठरावीक अंतरावर गोल फ्रेमा असतात, दोन फ्रेमांमध्ये सुमारे ५३ सेंटीमीटर. लांबी वाढवायची तर फ्रेमांच्या हिशेबाने वाढते. ए३२१ साठी पंखाच्या पुढे आठ फ्रेमांचा तुकडा घातला, ४.२७ मीटर, आणि पंखाच्या मागे पाच फ्रेमांचा, २.६७ मीटर. बेरीज केली की ३७.५७ चे ४४.५१ होतात. उलट दिशेने ए३१९ मध्ये सात फ्रेमा कमी केल्या, आणि ए३१८ मध्ये त्याहून साडेचार.

इथपर्यंत ‘नळी लांबवली’ हे वर्णन चालतं. त्यापुढे चालत नाही. लांब नळीत जास्त प्रवासी बसतात, वजन वाढतं, आणि पंखाचा विस्तार मात्र जवळपास तेवढाच राहतो. जास्त वजन त्याच पंखावर उचलायचं तर उतरताना वेग वाढवावा लागेल, नाहीतर पंखाने कमी वेगात जास्त उचल दिली पाहिजे. नाक जास्त वर करून उचल मिळवायची सोयही इथे फारशी नाही, कारण शेपूट लांब आहे. चाकांचे पाय दाबलेले असताना ए३२० ची शेपूट सुमारे ११.७ अंशांना जमिनीला लागते, तर ए३२१ ची ९.७ अंशांनाच. म्हणून उत्तर फ्लॅपमध्ये शोधलं गेलं आणि एका फटीच्या दोन झाल्या.

पहिल्या ए३२१-१०० मध्ये वजन वाढलं, पण इंधन वाढलं नाही, त्यामुळे पल्ला घटला. म्हणून ए३२१-२०० मध्ये मालकक्षात जादा टाक्या आल्या, त्यांच्यासाठी रचना बळकट झाली, आणि कमाल वजन पुढे ९३.५ टनांपर्यंत गेलं. आमच्या मालकक्षातली टाकी याच गोष्टीचा पुढचा भाग होती. वजन वाढलं म्हणून चाकं मोठी, प्रवासी वाढले म्हणून दारं जास्त. एकही बदल सुटा नव्हता.

आणि काही गोष्टी मुळीच बदलल्या नाहीत. कॉकपिट तेच. संगणक बहुतांश तेच. इंजिन सीएफएम५६-५बी घराण्यातलंच, फक्त जोर जास्त. ए३२० वरचं नेहमीचं इंजिन सुमारे २७,००० पौंडांचं, ए३२१ वरचं ३३,००० पौंडांपर्यंत जाणारं. तपासणाऱ्या माणसाला त्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणजे आमचे १८ टक्के कुठेच खरे नव्हते. इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वाढ जवळपास शून्य होती. केबिनचं काम प्रमाणात वाढलं होतं. दारांचं आणि फ्लॅपचं कितीतरी जास्त वाढलं होतं. मला अजूनही ठसठसतं ते असं, की एकूण तासांची बेरीज आम्ही नंतर ताडून पाहिली तेव्हा ती फार चुकलेली नव्हती. चुकली होती वाटणी. इलेक्ट्रॉनिक्सची माणसं रिकामी बसली होती आणि फ्लॅपच्या चौघांना जेवायला वेळ नव्हता.

ही सवय आम्हाला ७३७ ने लावली, असं माझं मत आहे. ७३७-७०० आणि ७३७-८०० यांच्या लांबीत जवळपास सहा मीटरचा फरक आहे, पण पंखाचा विस्तार तोच आणि फ्लॅप त्याच पद्धतीचे. तिथे ‘लांब मॉडेल म्हणजे लांब नळी’ हे गणित बऱ्याच अंशी जमतं. एका घराण्यात शिकलेला नियम आम्ही दुसऱ्या घराण्याला लावला.

समोरचे पर्याय

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सहा जण बसलो. बाहेर मे महिना, पारा ४४ च्या वर, आणि पत्र्याखाली संध्याकाळी सातलाही भट्टी.

पहिला पर्याय, दिवस तेच ठेवायचे आणि फ्लॅपच्या चमूला रात्रपाळी व जादा वेळ द्यायचा. शॉपचे प्रमुख या बाजूने होते. ‘‘दोन रात्री ओढून बघू, मग बोलू ग्राहकाशी,’’ असं त्यांचं म्हणणं. मला यात धोका दिसत होता. फ्लॅप हे उड्डाण नियंत्रणाचं काम, त्यावर दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी लागते. थकलेल्या माणसाचं काम थकलेल्याच माणसाने तपासायचं, तर त्या दुसऱ्या नजरेला काय अर्थ उरतो?

दुसरा पर्याय, ग्राहकाला लगेच सांगून दिवस मागायचे. व्यवस्थापनाला हे जड जात होतं. पहिलंच ए३२१, आणि चौथ्याच दिवशी हात वर करायचे.

तिसरा पर्याय कुणीतरी दबक्या आवाजात मांडला. काही फ्लॅपची कामं पुढच्या तपासणीवर ढकलता येतील का? मुदतवाढीचा निर्णय विमान कंपनीच्या देखभाल व्यवस्थापनाचा असतो, हँगरचा नाही. आपल्या चुकीसाठी त्यांच्याकडे मुदतवाढ मागणं मला पटलं नाही. पाच मिनिटांत हा विषय संपला.

चौथा पर्याय काकांचा होता. ७३७ च्या बाजूची दोन माणसं इकडे आणा. ७३७ चे फ्लॅप दोन फटींचेच असतात, जुन्या ७३७-३०० ला तर तीन होत्या. ही पोरं मागचा पट्टा, त्याचे दांडे, त्यांची मापं रोज हाताळतात. ए३२१ वर त्यांना सही करता येणार नाही, पण आमच्या परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली त्यांचे हात कामाला येतील.

काकांचं मी नेहमीच ऐकतो. त्यांनी तरुणपणी इंडियन एअरलाइन्सची १९८९ पासून आलेली पहिली ए३२० पाहिली आहेत. त्या विमानांच्या प्रत्येक मुख्य पायाला दोनाऐवजी चार चाकं होती, आपल्याकडच्या कमकुवत धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून. नावाने ए३२० आणि पाय मात्र वेगळे, हे ज्याने हाताने धुतलं-पुसलं आहे, तो नावावर विसंबत नाही.

काय केलं

दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र करायचं ठरलं. पण एक गोष्ट इथे प्रांजळपणे लिहायला हवी. ठरलं चौथ्या दिवशी, ग्राहकाच्या प्रतिनिधीला सांगितलं सहाव्या दिवशी. मधले दोन दिवस आम्ही ‘आकडा पक्का करू’ म्हणून घालवले. आकडा पक्का होणारच नव्हता, सांध्यांची झीज मोजल्याशिवाय तो कळणार कसा? आम्ही धीर गोळा करत होतो. प्रतिनिधी त्याच हँगरमध्ये बसत होता, त्याला रिकामे इलेक्ट्रॉनिक्सवाले दिसतच होते.

सहाव्या दिवशी मी त्याला फ्लॅपखाली नेलं, कार्डं हातात दिली, आमची चुकीची वाटणी आणि नवी वाटणी शेजारी-शेजारी दाखवली. पाच दिवस मागितले. दोन दिवसांनी त्याच्या मुख्यालयाने चार दिले.

७३७ ची दोन माणसं आली. त्यांना ए३२१ च्या फ्लॅपची ओळख करून देण्यात पूर्ण एक दिवस गेला, आणि तो दिवस वाचवायचा मोह मी टाळला याचं मला समाधान आहे. ७३७ चा हात सवयीने ७३७ च्या मापाकडे जातो. पहिल्याच दुपारी त्यांपैकी एकाने मॅन्युअल न उघडता सांध्याला ‘हे चालतं’ असं म्हटलं, आणि काकांनी त्याला शांतपणे पान उघडायला लावलं. पानावरची मर्यादा वेगळी होती.

मधल्या दारांसाठी तीन स्टँड बाहेरून भाड्याने आणले. घसरगुंड्यांचं काम केबिनच्या कामाशी गुंफलं, म्हणजे दार दोनदा उघडावं लागू नये. चाकांसाठी ग्राहकाला कळवलं, ती त्याच्या साठ्यातून आली. जादा टाकीची तपासणी रात्री ठेवली. मे महिन्यात दुपारी बंद टाकीत माणूस उतरवणं मला मान्य नव्हतं. वाफा काढायच्या, हवा मोजायची, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवायचा, आणि उन्हाचं ओझं त्यात आणखी घालायचं नाही.

जॅकवर विमान उचलण्याचा दिवसही पुढे ढकलला. वेळापत्रकाप्रमाणे ते आठव्या दिवशी उचलायचं होतं, पण तोपर्यंत पुढच्या भागातली खुर्च्या-किचनची काढाकाढ झालेली होती आणि मागची बाकी होती. पुढचं वजन गेलं की तोल मागे सरकतो. वजन आणि तोलाचा हिशेब नव्याने करून, मागचा आधार लावून, दहाव्या दिवशी उचललं. इथे कुणी घाई केली नाही.

निकाल

विमान २३ व्या दिवशी बाहेर पडलं. मूळ १८, वाढवून मिळालेले चार, आणि एक आमच्या खात्यावर. त्या एका दिवसाचा दंड करारानुसार कापला गेला. पुढचं ७३७ दोन दिवस उशिरा आत घ्यावं लागलं, कारण त्याची माणसं इकडे होती. त्या ग्राहकाला यातलं काहीच ठाऊक नसताना त्याने किंमत मोजली, हे मला आजही बरं वाटत नाही.

सोपवणीनंतर फ्लॅपबद्दल तक्रार आली नाही. मागच्या डावीकडच्या दारात एक सील चार दिवसांत ओरडू लागलं, ते ग्राहकाच्या तळावर बदललं गेलं. आठ दारांमधलं ते आठवं, शेवटच्या रात्री केलेलं. दमलेल्या माणसांबद्दल मी जे फ्लॅपसाठी म्हटलं होतं ते दारांसाठी म्हटलं नव्हतं.

आज केलं असतं तर

सगळ्यात आधी, विमान उत्पादकाने खुलं ठेवलेलं विमानतळ आणि देखभाल नियोजनाचं दस्तऐवज उघडलं असतं. त्यात दारांच्या जागा, जॅकचे बिंदू, उंची, चाकांचे आकार असं सगळं आकृत्यांसह असतं. आमच्याकडे ते होतं. हँगरमध्ये विमान बसेल का, एवढंच त्यातून पाहिलं गेलं.

दुसरं, अंदाजपत्रक मंजूर करायच्या बैठकीत काकांना बोलावलं असतं. तिथे सगळे टेबलावरचे लोक होते.

तिसरं, चौथ्या दिवशीच ग्राहकाला सांगितलं असतं. ते दोन दिवस हातात असते तर ७३७ ची माणसं कमी दिवस अडकली असती.

ज्या गोष्टीबद्दल माझं मन अजून पक्कं नाही, ती म्हणजे परवान्यावरची ती एक ओळ. चार मॉडेलं एका ओळीत असणं चुकीचं नाही. सही करण्यासाठी लागणारं ज्ञान खरोखर सारखं आहे. पण ती ओळ आम्ही ‘काम सारखं आहे’ अशी वाचली. विमान विकणाऱ्यालाही, घेणाऱ्यालाही नवं मॉडेल जुन्यासारखंच आहे हे हवंच असतं, कारण त्यात प्रशिक्षणाचा पैसा वाचतो. ७३७ च्या बाबतीत जगाने याची किंमत पाहिली. १९६७ च्या बुटक्या विमानाला काळानुसार मोठं इंजिन बसवत गेले, आणि ७३७ मॅक्स या नव्या मॉडेलचं इंजिन पुढे व वर सरकवावं लागलं. त्यामुळे बदललेलं वागणं आधीच्या मॉडेलसारखं वाटावं म्हणून एक संगणकीय यंत्रणा घातली, आणि वैमानिकांना तिच्याबद्दल सांगितलं गेलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. आमच्या प्रकरणाची त्याच्याशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, आमचे दिवस गेले, जीव नाही. पण ‘सारखंच आहे’ हा शब्द आता मी बैठकीत ऐकला की विचारतो, कशात?

तरुण नियोजकाला कुणी दोष दिला नाही, द्यायला नकोच होता. त्याने त्यानंतर स्वतःहून एक तक्ता बनवला. प्रत्येक काम तीन खान्यांपैकी एकात टाकायचं: लांबीने न बदलणारं, लांबीच्या प्रमाणात वाढणारं, आणि या मॉडेलमध्ये मुळातच वेगळं असणारं. तिसरा खाना भरण्यासाठी त्याला खाली जाऊन माणसांशी बोलावं लागतं, आणि तो जातो.

काही महिन्यांनी ए३२१निओची विचारणा आली. मोठ्या पंख्याचं नवं इंजिन असल्याने परवान्याची ओळही इथे वेगळी. नव्या मांडणीच्या निओमध्ये पंखापुढची दारांची जोडी गेली आहे, पंखांवर आपत्कालीन दारं आली आहेत आणि पंखामागचं दार आणखी मागे सरकलं आहे. जुन्या मांडणीची निओही उडतात. त्याच तरुण नियोजकाने ग्राहकाला पहिलाच मेल पाठवला तो असा: पंखापुढचं दुसरं दार आहे का, आणि पंखावर दर बाजूला किती दारं वापरात ठेवली आहेत? उत्तर यायला दोन दिवस लागले. तोवर त्याने अंदाजपत्रकाची फाईल उघडली नाही.